नवा हॅमस्टर सारखा चावतोय? तो चिडका नाही, घाबरलाय! माणसाळवायचं कसं, ते समजून घ्या

तर झालं असं, की मागच्या दिवाळीत नाशिकला मावशीकडे एक पाहुणा आला. सातवीतल्या मावसभावानं महिनाभर हट्ट करून हॅमस्टर मिळवला. रंग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, म्हणून नावही शेंगदाणा. पहिल्या दिवशी त्याचे पस्तीस फोटो काढले गेले आणि दुसऱ्या दिवशी शेजारपाजारची सगळी पोरं बघून गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी गाढ झोपलेल्या शेंगदाण्याला भावानं वरून हात घालून उचललं आणि शेंगदाण्यानं त्याच्या बोटाचा असा काही चावा घेतला, की रक्ताची धार लागली.

मग जे बहुतेक घरांत होतं तेच झालं. भाऊ पिंजऱ्याजवळ जाईना. पिंजरा हॉलमधून बाल्कनीत गेला. मावशीनं निकाल दिला, "शेवटी उंदीरच तो. दे सोडून गोदाकाठी."

गोदाकाठी सोडलेला हॅमस्टर एखादी रात्र काढेल. मांजर, घुबड, कुत्रा यांच्यापैकी कुणीतरी त्याला गाठणारच, आणि त्यांच्या तावडीतून सुटला तरी बाहेर जगायचं कसं, हे त्याला माहीत नाही. म्हणजे एका चाव्याची शिक्षा थेट मृत्युदंड. पण त्या दिवशी चूक शेंगदाण्याची नव्हती.

हॅमस्टर का चावतो, चावला तर काय करायचं आणि त्याला हाताची सवय कशी लावायची, हेच आज सविस्तर बघू.

आधी हा प्राणी आला कुठून ते बघा

आपल्याकडे पाळला जाणारा मोठा, सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियातला, अलेप्पो शहराच्या आसपासचा. १८३९ मध्ये जॉर्ज वॉटरहाउस या ब्रिटिश शास्त्रज्ञानं त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

त्याला पिंजऱ्यात आणण्यामागे एक आजार होता, आणि त्या आजाराचं नाव आपल्याच देशातलं आहे : काला आजार. जेरुसलेममधले संशोधक सॉल ॲडलर या आजारावर काम करत होते. प्रयोगांसाठी ते चिनी हॅमस्टर वापरायचे, पण ते पिंजऱ्यात पिल्लंच घालेनात. म्हणून दुसऱ्या जातीचा शोध सुरू झाला आणि प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी अलेप्पोला पोहोचले. एप्रिल १९३० मध्ये तिथल्या एका गव्हाच्या शेतात बरंच खोल खणल्यावर एक मादी आणि तिची पिल्लं हाती लागली.

पुढचा प्रसंग वाचवत नाही. पकडलेल्या पिल्लांना आईजवळ ठेवलं, तर घाबरलेल्या आईनं जवळ आलेल्या पहिल्याच पिल्लाला मारून टाकलं. बाकीच्यांना वाचवायचं म्हणून मग त्या आईलाच मारावं लागलं. पिल्लं हातानं वाढवली. त्यातली काही खोका कुरतडून पळाली, काही दगावली. जी मोजकी भावंडं उरली, त्यांच्यापासून पुढची सगळी पैदास झाली. आज जगभरात पाळले जाणारे जवळपास सगळे सोनेरी हॅमस्टर या एकाच बिळातले वंशज मानले जातात. आणि मूळ सीरियातल्या शेतांत मात्र ही जात आता संकटग्रस्त आहे.

ही गोष्ट सांगायचं कारण म्हणजे कुत्रा माणसासोबत किमान पंधरा हजार वर्षं राहतोय. हॅमस्टरला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. भीतीनं तो काय करू शकतो, हे त्या पहिल्याच दिवशी दिसलं होतं. त्यामुळे आणल्या दिवसापासून त्यानं तुमच्या हातावर बसावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

हॅमस्टरला तुमचा हात कसा दिसतो?

एक साधं गणित करा. मोठ्या सोनेरी हॅमस्टरचं वजन साधारण १२० ग्रॅम. तुमचं वजन ६० किलो धरलं, तर तुम्ही त्याच्या पाचशे पट मोठे. हत्तीसुद्धा आपल्या सत्तर-ऐंशी पटच असतो. म्हणजे आपण हत्तीसमोर जितके छोटे, त्याच्या कितीतरी पट छोटा तो आपल्यासमोर.

त्यात हॅमस्टरची नजर अधू. थोड्या अंतरावरचंही त्याला धूसर दिसतं. त्याचं जग चालतं नाकावर आणि कानांवर. आपल्याला ऐकू न येणारे अतिशय बारीक आवाजसुद्धा त्याला ऐकू येतात. आणि निसर्गात त्याच्यावर वरून कोण झडप घालतं? शिकारी पक्षी. त्यामुळे डोक्यावरून येणारा हात म्हणजे त्याच्या लेखी घार किंवा घुबड. पळायला जागा असेल तर तो पळतो. नसेल तर दात वापरतो. दुसरं हत्यार त्याच्याकडे नाही.

चावे सगळे सारखे नसतात

हॅमस्टर चावला म्हणजे तो 'ॲग्रेसिव्ह' आहे, असा शिक्का लगेच मारू नका. चावा कोणत्या प्रकारचा आहे, ते ओळखलं तर अर्धं काम झालं.

१. भीतीचा चावा : पटकन, जोरात आणि बहुतेकदा रक्त काढणारा. झोपेतून उठवल्यावर, कोपऱ्यात कोंडल्यावर किंवा वरून उचलल्यावर हा हमखास मिळतो. नव्या हॅमस्टरचे बहुतेक चावे याच प्रकारचे असतात.

२. वासाचा चावा : मिसळ-पाव खाऊन हात नुसता विसळला आणि बोट पिंजऱ्यात घातलं. बोटाला शेव-फरसाणाचा वास. हॅमस्टरनं खाऊ समजून तोंड घातलं, तर त्याचा काय दोष? पिंजऱ्याच्या गजांतून खाऊ भरवायची सवय लावली तरी हेच होतं. गजांतून जे आत येतं ते खायचं असतं, असं तो शिकतो आणि मग बोटही खायला बघतो.

३. चाचपणी : हळूच, दुखेल न दुखेल इतपत कुरतडणं. हे काय आहे, खायचं आहे का, याचा तो अंदाज घेत असतो. याला चावा म्हणूच नका. हात शांतपणे थोडा बाजूला घ्या.

४. हद्दीचा चावा : बाहेर काढल्यावर गरीब आणि पिंजऱ्यात हात घातला की वाघ, असा काही हॅमस्टरचा स्वभाव असतो. लहान जातींमधल्या माद्यांमध्ये हे जास्त दिसतं. पिल्लं झालेली मादी तर याबाबतीत फारच कडक असते. तिच्या घरट्याला पहिले दोन आठवडे हातच लावू नका. घाबरली तर ती पिल्लांना इजा करू शकते.

५. दुखण्याचा चावा : आतापर्यंत शहाण्यासारखा हातावर बसणारा हॅमस्टर अचानक चावायला लागला, तर त्याला काहीतरी दुखतंय असं समजा. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजले नाहीत तर तोंडात रुततात. गालाच्या पिशवीत काही अडकणं, गळू होणं, पाय मुरगळणं हीसुद्धा कारणं असतात. शेपटीखालचा भाग ओला आणि घाण दिसत असेल, जुलाब होत असतील, तर एक दिवसही थांबू नका. या आजारात हॅमस्टर दोन दिवसांतही दगावू शकतो.

६. कोंडमाऱ्याचा चावा : दिवसरात्र गज कुरतडणारा, त्याच जागी गोल गोल फिरणारा हॅमस्टर हातालाही चावतो. इथे इलाज हॅमस्टरवर करायचा नसतो, पिंजऱ्यावर करायचा असतो.

चावला! आता लगेच काय करायचं?

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे हात झटकायचा नाही. आपला हात आपोआप झटकला जातो आणि बोटाला लटकलेला हॅमस्टर भिंतीवर जाऊन आपटतो. कितीतरी हॅमस्टरचे पाय आणि पाठीचे मणके असेच मोडतात. हात जमिनीच्या किंवा गादीच्या जवळ न्या आणि स्थिर ठेवा. पायाखाली आधार लागला की तो बहुतेकदा स्वतःच सोडतो.

ओरडू नका, टिचकी मारू नका, तोंडावर फुंकर घालू नका. 'नाही म्हटलं ना!' असं दटावल्यानं हॅमस्टरला काहीही कळत नाही. हा आवाज आणि हा वास म्हणजे धोका, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

मग जखमेकडे वळा. वाहत्या पाण्याखाली साबण लावून नीट, १५ मिनिटं धुवा. त्यावर अँटिसेप्टिक लावा. हळद, चुना, कॉफी पावडर असले घरगुती प्रयोग नकोत. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा आणि डॉक्टरांना विचारा. बोट सुजलं, लाल झालं, पू आला किंवा पुढच्या काही दिवसांत ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना हॅमस्टर चावल्याचं आवर्जून सांगा.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न : रेबीजचं काय? हॅमस्टरसारख्या छोट्या उंदीरवर्गीय प्राण्यांमध्ये रेबीज जवळपास आढळतच नाही आणि त्यांच्यापासून माणसाला रेबीज झाल्याचं माहीत नाही. तरी इंजेक्शन घ्यायचं की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. विशेषतः हॅमस्टरला आधी मांजर-कुत्रा चावला असेल किंवा तो विचित्र वागत असेल, तर हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट. उंदीरवर्गीय प्राण्यांपासून काही जंतू आणि विषाणू माणसाकडे येऊ शकतात. घरात गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल, तर पिंजरा साफ करायचं काम त्यांना देऊ नका. बाकीच्यांनीही हॅमस्टर हाताळून झाल्यावर हात धुवायचेच.

माणसाळवायचं कसं? चार आठवड्यांचा प्लॅन

खाली दिलेले दिवस म्हणजे काही रेल्वेचं टाइमटेबल नव्हे. तुमचा हॅमस्टर एखाद्या पायरीवर जास्त दिवस अडकला, तर तिथेच थांबा. पुढची उडी घेतली की दोन पायऱ्या मागे यावं लागतं.

दिवस १ ते ३ : काहीच करू नका

हो, काहीच नाही. खाणं आणि पाणी ठेवा, बाकी हात लावू नका. रील नको, स्टोरी नको, शेजाऱ्यांची वरात नको. दुकानातून घरी येताना त्याचा सगळा ओळखीचा वास मागे राहिलाय. हॅमस्टरच्या अंगावर वासाच्या ग्रंथी असतात आणि त्यांनी खुणा करून तो 'हे माझं घर' अशी पाटी लावतो. ती लावायला त्याला वेळ द्या. याच कारणासाठी पहिल्या आठवड्यात पूर्ण पिंजरा धुऊन काढू नका. ओला झालेला कोपरा तेवढा साफ करा.

पिंजरा टीव्ही आणि स्पीकरपासून लांब ठेवा. आणि आपण नाशिककर! नाशिक ढोलचा आवाज आपल्या छातीत धडधडतो, तर त्या जिवाचं काय होत असेल? गणपतीत, लग्नसराईत, दिवाळीच्या फटाक्यांत पिंजरा आतल्या खोलीत हलवा आणि खिडक्या लावून घ्या.

दिवस ४ ते ७ : आवाज आणि वास

हॅमस्टर दिवसा झोपतो आणि संध्याकाळनंतर उठतो. त्यामुळे सगळा कार्यक्रम रात्री आठ-नऊनंतर ठेवा. पिंजऱ्याजवळ बसा आणि हळू आवाजात बोला. काहीही बोला. मावसभाऊ शेंगदाण्याला इतिहासाचं पुस्तक वाचून दाखवायचा. त्यात परीक्षेचीही तयारी झाली.

सुगंध नसलेला साधा टिश्यू पेपर थोडा वेळ हातात धरा आणि तुकडे करून पिंजऱ्यात टाका. हॅमस्टर तो घरट्यात नेईल. तुमचा वास त्याच्या झोपायच्या जागेत पोहोचला, की तो परका राहत नाही.

दिवस ८ ते १२ : हात म्हणजे खाऊ

बिनवासाच्या साबणानं हात धुवा. सूर्यफुलाची किंवा भोपळ्याची एक बी बोटांत धरा आणि पिंजऱ्याचं दार उघडून समोरून, जमिनीच्या पातळीवर पुढे करा. वरून नाही! आला, बी घेतली, पळाला, तर तो दिवस यशस्वी. त्याच्यामागे हात नेऊ नका. रोज पाच-दहा मिनिटं पुरेत.

दिवस १३ ते १८ : तळहाताचा पाट

आता बी तळहाताच्या मध्यभागी ठेवा आणि हात पिंजऱ्यात सपाट, शांत ठेवून द्या. आधी तो मान लांब करून बी ओढेल. मग एक पाय ठेवेल, मग दोन. पूर्ण चढला तरी लगेच उचलू नका. बी गालात भरून त्याला निवांत उतरू द्या. जर्मन भाषेत साठेबाजी करण्याला 'हामस्टर्न' म्हणतात, ते याच सवयीवरून. कांद्याचे भाव चढले की बातम्यांत जो शब्द येतो, तोच धंदा हा गालात करतो.

तिसरा-चौथा आठवडा : उचलणं

सुरुवातीला मग वापरा. मोठा मग आडवा ठेवा, आत एक बी टाका. तो आत शिरला की मग हळूच सरळ करून उचला आणि बाहेर तुमच्या हातावर उतरवा. हातमोज्यांपेक्षा हा मार्ग बरा. जाड मोज्यात आपल्याला दाबाचा अंदाज येत नाही आणि हॅमस्टरला आपला वास येत नाही.

बाहेरची भेट सुरक्षित जागी ठेवा. कोरडी बाथरूम त्यासाठी उत्तम. कमोडचं झाकण लावा, मोरीच्या जाळीवर जड काहीतरी ठेवा, फिनेल वगैरेचा वास पूर्ण जाऊ द्या आणि मग जमिनीवर मांडी घालून बसा. त्याला तुमच्या पायांवरून, हातांवरून फिरू द्या. मग दोन्ही हातांची ओंजळ करून जमिनीपासून वीतभर उचला. एका हातावरून दुसऱ्या हातावर चालू द्या. तो वळवळला की खाली ठेवा. उभं राहून कधीच हातात घेऊ नका. आपल्या छातीइतक्या उंचीवरून पडला तर हाडं मोडतात, आणि नजर अधू असल्यानं तो पुढे काही नाही हे न बघताच पाऊल टाकतो.

पिंजरा छोटा, चावे मोठे

बाजारात रंगीबेरंगी, नळ्या-जिन्यांचे पिंजरे मिळतात. दिसायला भारी, पण त्यातले बहुतेक हॅमस्टरसाठी खुराडी आहेत. जर्मनीतल्या पशुवैद्यकांच्या एका संघटनेनं किमान १०० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ५० उंच अशी जागा सुचवली आहे. एवढा पिंजरा महाग पडत असेल, तर मोठा प्लॅस्टिकचा स्टोरेज बॉक्स किंवा जुनी फिशटँक चालते. फक्त वरून हवा खेळती हवी.

आत काय हवं? सगळ्यात आधी खणायला माती नव्हे, तर कागदी बेडिंगचा जाड थर. सीरियातल्या शेतांत संशोधकांनी हॅमस्टरची बिळं खणून मोजली, तेव्हा ती ३६ ते १०६ सेंटिमीटर खोल निघाली. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हॅमस्टरना १०, ४० आणि ८० सेंटिमीटर खोल बेडिंग देऊन पाहिलं. ज्यांना फक्त १० सेंटिमीटर मिळालं, ते गज सर्वांत जास्त कुरतडत होते. आपण तर बहुतेकदा दोन बोटं भुसा पसरतो आणि तो गज कुरतडतो म्हणून वैतागतो!

उग्र वासाचा लाकडी भुसा आणि कापूस टाळा. कापसाचे धागे पायात गुंततात आणि पोटात गेले तर आतडं अडतं. चाक सपाट पृष्ठभागाचं असावं, मोठ्या हॅमस्टरसाठी साधारण २८ सेंटिमीटर व्यासाचं. लहान चाकात पाठ वाकते.

आणि 'जोडीनं घ्या, एकटा कंटाळेल' हा सल्ला ऐकू नका. सोनेरी हॅमस्टर मोठा झाला की एकटाच राहतो. सीरियात तपासलेल्या बिळांमध्ये एकाहून जास्त प्रौढ हॅमस्टर कुठेही सापडले नव्हते. दोघांना एकत्र ठेवलं तर मारामारी ठरलेली, आणि ती एकाच्या मरणापर्यंत जाऊ शकते.

नाशिकचं ऊन, निफाडची थंडी

हॅमस्टरला १८ ते २४ अंश तापमान मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो. बाल्कनीतला पिंजरा म्हणजे भट्टीच. उष्णतेनं बेजार झालेला हॅमस्टर चिडचिडा होतो आणि उष्माघातानं मरूही शकतो. घरातल्या सगळ्यात गार खोलीत पिंजरा ठेवा, आत बसायला फरशीचा किंवा मातीच्या कौलाचा तुकडा द्या, पिंजऱ्याला बाहेरून लागून कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवा. कूलरचा झोत थेट सोडू नका.

उलट टोक जानेवारीत. निफाडला पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो. अशा गारठ्यात हॅमस्टर सुस्तावस्थेत जाऊ शकतो. अंग थंडगार, श्वास इतका हळू की दिसतच नाही. मेला समजून असे हॅमस्टर पुरले जातात! थंडीच्या दिवसात असं दिसलं तर आधी ओंजळीत धरून, हळूहळू ऊब द्या, मिशा हलतायत का बघा आणि पशुवैद्यांना फोन करा. शुद्धीवर येताना तो गोंधळलेला असतो, तेव्हा चावला तर मनावर घेऊ नका.

आणि आंघोळ? रामकुंडातली डुबकी आपल्यासाठी. हॅमस्टरला पाण्यानं धुवायचं नसतं. त्याला गारठा बसतो, अंगाचा वास जातो आणि तो घाबरतो. उथळ वाडग्यात त्याच्यासाठी मिळणारी, धूळ नसलेली कोरडी वाळू ठेवा. तो स्वतःच लोळून स्वच्छ होतो.

खायला काय? द्राक्षं चालतात?

ज्वारी, बाजरी, ओट्स, थोड्या बिया आणि सोबत काकडी, गाजर, ब्रोकोलीचा नखभर तुकडा, एवढ्यावर तो खूश असतो. हॅमस्टरसाठीचं तयार खाद्यही मिळतं. बिया माणसाळवायच्या कामासाठी राखून ठेवा. वाटीत भरपूर असतील, तर तुमच्या हातावर कशाला येईल?

नाशिकची ओळख कांदा आणि द्राक्षं, पण दोन्हींबाबत सावध राहा. लासलगावचा कांदा जगात भारी असला तरी हॅमस्टरसाठी तो घातक. लसूणही तसाच. द्राक्षांत साखर भरपूर. मोठ्या हॅमस्टरला क्वचित, नीट धुतलेल्या, बिनबियांच्या द्राक्षाचा छोटा तुकडा चालेल. लहान जातींना मधुमेहाचा धोका असतो, त्यांना देऊच नका. लिंबू-संत्री, चॉकलेट, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, चिवडा आणि शेव हेही बंद.

घेण्याआधी हे विचारा

हॅमस्टर पाळणं बेकायदा आहे का? नाही. आपल्या देशी पोपटांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, म्हणून पोपट पाळणं गुन्हा ठरतो. हॅमस्टर भारतातला वन्यप्राणी नाही. पण विकणाऱ्यावर बंधनं आहेत. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. दुकानात गेल्यावर नोंदणीबद्दल विचारा. लाजू नका.

दुसरा प्रश्न पशुवैद्यांना. सगळेच डॉक्टर हॅमस्टर बघत नाहीत. प्राणी घरी आणायच्या आधी जवळच्या दोन-तीन दवाखान्यांत फोन करा आणि 'हॅमस्टर तपासता का?' एवढं विचारून नंबर लिहून ठेवा. रात्री अकराला जुलाब सुरू झाल्यावर शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रश्न स्वतःला. हॅमस्टर साधारण दोन ते तीन वर्षं जगतो. तेवढी वर्षं रोज रात्री अर्धा तास कोण देणार? मुलासाठी आणत असाल, तरी जबाबदारी मोठ्यांचीच धरा. अगदीच जमत नसेल, तर सोडून देऊ नका. ओळखीत, प्राणीप्रेमींच्या ग्रुपवर विचारा आणि तो चावतो हे न लपवता सांगून दुसरं घर शोधा.

आणि काही हॅमस्टर कधीच मांडीवर बसत नाहीत

सगळं नीट करूनही एखादा हॅमस्टर उचलून घेऊ देत नाही. हातावरची बी घेतो, तुमच्यासमोर निवांत खातो, अंग साफ करतो, पण उचललं की धडपडतो. चालतंय की. तुमच्यासमोर डोळे मिटून तोंड धुणारा हॅमस्टर तुमच्यावर विश्वास ठेवतोय. तेवढं पुरेसं माना.

शेंगदाण्याचं काय झालं, असं विचाराल. पिंजरा बाल्कनीतून मावसभावाच्या खोलीत आला. पिंजरा बदलून मोठा बॉक्स आला. पंधरा दिवस त्याला कुणी हात लावला नाही. भावाचं बोट बरं व्हायला आठवडा लागला, भीती जायला महिना. आता तो ओंजळीत येतो, पण उभं राहून उचललं तर आजही दात दाखवतो, म्हणून कुणी उचलत नाही.

आणि 'उंदीरच तो' म्हणणारी मावशी? रात्री ओटा आवरून झाला, की चिमूटभर बाजरी घेऊन जाते. हात आधी धुते, बिनवासाच्या साबणानं.